दुखण्याला उतार

“आता वाकून दाखवा, काकू,” फिजिओथेरपिस्ट म्हणाली. लेझरपासून डोळे जपायला लावलेला काळा चष्मा काढून यमुनाबाई सावकाश वाकल्या. बोटं थेट पायांना टेकली. नुसत्या व्यायामाला दाद न देणारी कंबर लेझरचे उपचार सुरू झाल्यापासून हळूहळू मोकळी होत गेली होती.

घरी येऊन त्यांनी हरखून नवऱ्याला सांगितलं. वर्तमानपत्रातून डोकं वर काढत दिगंबरपंत म्हणाले, “चला, सुटलीस! म्हणजे आता तेल चोळायला नको.”

यमुनाबाईंच्या काळजात चर्र झालं. तरणाताठा मुलगा अपघातात गेल्यापासून दोघांमधलं बोलणं आटलं होतं. रोज संध्याकाळी कंबरेवर फिरणारा तो खरबरीत हात, तेवढाच काय तो संसार उरला होता. चोळता चोळता तो हात मध्येच थबकायचा. नवऱ्यालाही मुलगा आठवलाय, हे त्यांना तेवढ्यावरून कळायचं.

काही दिवस त्यांनी कळ काढली. मग एका संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला, पलंगावर पालथ्या पडून त्या म्हणाल्या, “अहो, परत दुखायला लागलंय हो.”

दिगंबरपंतांनी त्यांच्याकडे न बघताच फोन उचलला. “थांब, लेझरसाठी उद्याचीच वेळ घेतो.”