बाजारचौकातला खांब

"अजून थोडा मसालेभात?" मृदुलाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वाढलाही. हात रिकामे राहिले की तिला उठून खिडकीशी जावंसं वाटत होतं.

ऍलन, श्रीकांतचा मॅनेजर, रविवारी दुपारी त्यांच्या घरी, ब्रेडा या डच शहरात, जेवायला आला होता. नवं प्रोजेक्ट त्याच्या स्कॉटलंडमधल्या गावात सुरू होणार होतं. तिकडे जायचं की इथेच राहायचं, हे अजून ठरायचं होतं. निदान सकाळी श्रीखंडासाठी चक्क्याऐवजी इथलं दह्यासारखं क्वार्क फेटताना श्रीकांत तसंच म्हणाला होता. "जेवेल, गप्पा मारेल, जाईल. ठरवायचं आपण दोघांनी."

आर्या टेबलाखाली बसून बाहुलीला डचमध्ये रागवत होती. मृदुलाचा एक कान तिकडेच होता. डीमन गावातलं आधीचं घर सोडून इथे आल्यावर पाच वर्षांची ही पोर कित्येक महिने घराबाहेर तोंडच उघडत नव्हती. शाळेत बाई विचारायच्या, ही नुसती बघत राहायची. आत्ता कुठे, गेल्या आठवड्यात, तिने वर्गात एका मुलीशी चक्क भांडण केलं होतं. बाई तक्रार सांगत होत्या आणि मृदुलाला हसू आवरत नव्हतं.

"आमच्या बाजारचौकात एक खांब आहे," ऍलन इंग्रजीत सांगत होता. "म्हणायचं क्रॉस, पण वर बसलाय एकशिंगी घोडा. राजा मेला, नवा आला, युद्ध सुरू झालं, सगळं त्याच्या पायऱ्यांवरून ओरडून सांगायचे. मापात लबाडी करणाऱ्याचा कान त्याच खांबाला खिळ्याने ठोकायचे."

"बाप रे," श्रीकांत हसला. जरा जास्तच.

"मग गाड्यांना अडचण होते म्हणून रस्त्यासाठी तो उखडला. कुणा जमीनदाराने नेऊन बागेत उभा केला. परत आणला तेव्हा जुन्या जागी दुकान झालेलं. म्हणून कोपऱ्यात. तिथूनही एकदा हलवला."

"आणि मग बाजार?" मृदुलाने विचारलं.

"बाजार आता कुठला? पार्किंग आहे तिथे." ऍलन स्वतःच खो खो हसला. "पण एक प्रथा आम्ही पुन्हा सुरू केलीय. गावात नवीन राहायला येणाऱ्यांची नावं वसंतात त्या पायऱ्यांवरून पुकारायची. पूर्ण नावं, मोठ्याने. लोक टाळ्या वाजवतात. तुमची मी देऊन टाकलीयत. श्रीकांत, आर्या, म्रि... म्रिडुला? बरोबर म्हणतोय ना?"

श्रीकांतने पाण्याचा ग्लास उचलला.

मृदुलाने चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं आणि मराठीत विचारलं, "कधी सांगितलंस?"

"अगं, तो विचारत होता, मी हो म्हणून ठेवलं. आपल्याकडे नाही का म्हणत, तसं. नंतर बघू म्हणून."

"तो तुमच्या पुण्याच्या ऑफिसातला आहे का, तुझ्या 'हो'चा अर्थ शोधत बसायला?"

"मृदू, हास. तो बघतोय."

"हसतेच आहे. आर्याला कोण सांगणार?"

"ती लहान आहे गं. मुलं करतात ऍडजस्ट."

टेबलाखाली बाहुलीवरचं रागावणं चालूच होतं. मृदुला उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. श्रीखंडाचं भांडं ऍलनपुढे सरकवलं. तो अजून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता. "म्रिडु... म्रुडु..."

"काही चुकलं का माझं?" त्याने विचारलं.

"नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "पण तुम्हाला नावं नीट यायला हवीत. श्रीकांत शिकवेल. त्यानेच तुम्हाला दिलीयत ना?" मग श्रीकांतकडे वळून, मराठीत, "म्हण. आधी आर्याचं."

आपलं नाव ऐकून आर्याने टेबलक्लॉथ उचलून डोकं बाहेर काढलं. "वात इस एर?" तिने डचमध्ये विचारलं. काय झालं?

"बाबा सांगतोय," मृदुला म्हणाली.

श्रीकांतने घसा साफ केला. "आर्या," तो हळूच म्हणाला.

"बसून नको. उभा राहून म्हण. भर चौकात म्हणायचंय."

श्रीकांत खुर्ची मागे सारून उभा राहिला, हातात नॅपकिन तसाच. ऍलनला ही गंमत फारच आवडली. त्याने चमचा खाली ठेवला, खुर्ची वळवली आणि अख्ख्या गावाच्या वतीने ऐकायला सज्ज झाला.