पिवळा कनेक्टर

"ठिणगी उडायला हवी," काका पुन्हा म्हणाले. "आवाजासकट."

दुकानवालीने चष्मा कपाळावर सरकवला. रिमोटवरची हेलिकॉप्टरं दुरुस्त करण्यात तिची अर्धी हयात या काउंटरमागे गेली होती. बॅटरी लावताना ठिणगी उडते म्हणून कुरकुरत येणारी गिऱ्हाइकं तिने ढिगाने पाहिली होती. ठिणगी मागायला आलेलं हे पहिलंच.

तिने दोन पिवळे कनेक्टर काकांसमोर ठेवले. बाहेरून अगदी जुळी भावंडं. एक साधा, बॅटरी जोडली की चट्ट आवाज आणि निळी ठिणगी. दुसऱ्याच्या आत डोकावलं तर हिरवी कडा दिसायची. तो वीज आधी जराशी, मग सगळी आत सोडायचा, त्यामुळे ना ठिणगी, ना आवाज. एवढ्या मोठ्या बॅटरीला आता सगळे हाच लावतात, ठिणगीने टोकं जळतात, बोटांना चटका बसतो, हे सगळं तिने लहान मुलाला घास भरवावा तसं सांगितलं.

काकांनी हिरव्या कडेचा कनेक्टर एका बोटाने तिच्याकडे परत ढकलला.

"मुलाला चालायचा नाही."

"मुलगा उडवतो होय?"

"तोच. मला काय कळतंय त्यातलं? मी आपला बॅटरी लावून देणारा." काका किंचित हसले. बॅटरी आपण लावायची, चट्ट झालं की मुलाने मागून दचकून 'बाबा, बोटं!' म्हणून ओरडायचं, अशी पहिल्यापासूनची पद्धत असल्याचं त्यांनी सांगितलं. "अजून दचकतो," ते म्हणाले, आणि हे त्यांनी मुलाचा पहिला नंबर आल्यासारखं सांगितलं.

तिने हेलिकॉप्टर जवळ ओढलं. पाती काढून ठेवलेली होती. घरात हिला भीती वाटते, काका म्हणाले. खालच्या पायांवर एक ओरखडा नव्हता, कुठे गवताची काडी अडकलेली नव्हती. कनेक्टरची टोकं मात्र काळीठिक्कर पडली होती, झिजून सैल झाली होती. पोरगं टापटिपीचं दिसतंय, तिला वाटलं. उडवून आणल्यावर पुसून ठेवत असणार.

"कालपासून हा नीट वाजतच नाही," काका म्हणाले. "आणि आज चार वाजता दोघं जण बघायला येणार आहेत. मोठी माणसं आहेत ती, परत परत यायची नाहीत. त्यांच्या डोळ्यांदेखत झालं, तरच मुलाला घेऊ म्हणालेत. नाहीतर नाही."

कुठल्याशा संघात घेणार असतील, तिने मनाशी ठरवून टाकलं. काकांनी काउंटरची कड घट्ट धरून ठेवली होती. स्वतःच्या परीक्षेलाही माणूस एवढा घाबरत नाही.

तिने सोल्डरगन तापत ठेवली आणि जुना कनेक्टर कापून काढला. तो फेकू नका, काकांनी बजावलं; त्याला मुलाने स्वतःच्या हाताने सोल्डरचा डाग दिलाय. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते दुकानाच्या पायरीवर गेले.

"दाढी झाली का त्याची?" बाहेरून आवाज आला. "आणि शर्ट निळा घाल. निळ्यात बरा दिसतो."

दुकानवालीला हसू आलं. मुलगा बापाएवढा झाला तरी त्याच्या शर्टाची काळजी काही सुटत नाही. मग तिचं हसू मावळलं. बघायला आलेल्या जाणत्या माणसांसमोर चट्ट करून ठिणगी उडाली, तर पोरगं नवखं ठरणार. एवढी संधी दाराशी आलेली, आणि ती जायची कशापायी, तर बापाच्या हट्टापायी.

तिने हिरव्या कडेचा कनेक्टर उचलला.

डाग सुरेख बसला. बॅटरी जोडून पाहिली. ना चट्ट, ना फट्ट. काढली आणि कनेक्टरचं तोंड खाली करून ठेवलं.

काका आत आले. "जुना होता तसाच ना?"

"अगदी तसाच पिवळा," ती म्हणाली.

काकांनी हेलिकॉप्टर तान्ह्या बाळासारखं कुशीत घेतलं. "ताई, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय केलंत ते," म्हणाले आणि घाईघाईने पायऱ्या उतरले. तिला दिवसभर पुरेल एवढं बरं वाटलं.

काउंटर पुसताना जुना कनेक्टर हाताला लागला. घाईत राहिला होता. बिलावर पत्ता होता, दोन गल्ल्यांपलीकडचा. तिने शटर अर्धं ओढलं. कनेक्टर द्यायचा तर होताच. पण खरं सांगायचं तर तिला ते पोरगं उडवताना बघायचं होतं.

दार काकूंनी उघडलं. कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. ओठांवर बोट ठेवून तिला आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत नेलं.

खिडकीशी कठडे लावलेली खाट होती. खाटेवर निळ्या शर्टातला, गुळगुळीत दाढी केलेला तरुण. डोळे उघडे, छतावर खिळलेले. नाकातून आत गेलेली नळी गालावर पट्टीने चिकटवलेली. दोन डॉक्टर त्याच्या चेहऱ्यावर वाकले होते. उशाशी स्टुलावर हेलिकॉप्टर.

"बाकी कशालाच नाही," काका त्यांना सांगत होते. "हाकेला नाही, टाचणीला नाही. पण या आवाजाला पापणी लवते त्याची. बघा हं, मग घ्या त्याला तुमच्या इस्पितळात."

दुकानवालीची मूठ जुन्या कनेक्टरवर आवळली गेली. काकांनी दोन टोकं समोरासमोर धरली आणि जुळवली. ती एकमेकांत बसली, अगदी गुपचूप.