आम्हाला काही कमी नाही

विद्यार्थ्यांच्या गरजा तपासणारी कमिटी येणार म्हणून ढवळे मॅडमनी इंग्रजीच्या वर्गाकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं, “कपाळावर गरजा मोजायची पट्टी लावली, की मनात एकच म्हणायचं, आम्हाला काही कमी नाही!” पूर्वी पट्ट्यांऐवजी प्रश्नावल्या होत्या तेव्हाही त्या उत्तरं फळ्यावर लिहून द्यायच्या. कॉलेजची अब्रू जाता कामा नये.

पट्ट्यांनी मनं वाचली. अध्यक्षांनी निकाल सांगितला, “विद्यार्थ्यांची इंग्रजीची गरज शून्य. कोर्स आजपासून बंद.”

मॅडमच्या कपाळावरची पट्टी मोठी गरज दाखवत लालभडक झाली होती, पण वर्गच उरला नाही तर शिक्षकाची गरज कोण बघतो?

इंग्रजीत साधा अर्जही न जमणारी वर्गातली प्रणिता हसत धावत आली.

“मॅडम, मी एकदाही दुसरं काही मनात येऊ दिलं नाही!”