मऊ जमीन

निवृत्त झालेल्या शर्यतीच्या घोड्याला एकदा गवतात मोकळं सोडायचं, ही घोडे सांभाळणाऱ्या सईसांची जुनी रीत. म्हणून तिचा सईस रखमाजीने बिजलीला सोडलं. घोडी जन्मभर रेसकोर्सच्या शहाण्या, यंत्राने चालणाऱ्या ट्रॅकवरच धावलेली; टाप टेकायच्या आत तो तिथे मऊ व्हायचा. त्याच्यावर एकाही घोड्याचा पाय कधी मोडला नव्हता. बिजली खऱ्या मातीवर आनंदाने उधळली आणि पुढचा पाय काडकन मोडून कोसळली.

"ज्या हाडांनी कधी दणका सोसलाच नाही, ती बळकट होणार कशी?" तिला कायमचं झोपवायचं इंजेक्शन भरत घोड्यांच्या डॉक्टर केणी म्हणाल्या.

"मीच सोडली हो बाई तिला."

बिजलीचा दुसरा, शाबूत पुढचा पाय अजून जमीन चाचपत होता, ती मऊ व्हायची वाट बघत. रखमाजी दोन्ही हातांनी त्या टापेखालची माती उकरून भुसभुशीत करत राहिला.