शेवटच्या घरची खूण

दाराची कडी निघाली, पण दार चार बोटंच उघडलं. फटीतून एक हात बाहेर आला.

"ओळखपत्र," आतून बाईचा आवाज आला.

टॉवरवाल्यानं गळ्यातलं कार्ड काढून त्या हातावर ठेवलं. खोऱ्यात त्याला सगळे टॉवरवालाच म्हणत. डोंगरावर टॉवर एकच आणि त्याला सांभाळणारा माणूसही हा एकच. सकाळपासून त्याची अकरा घरं झाली होती. अकराही ठिकाणी त्याला 'या, या' म्हणत थेट आत घेतलं होतं. कार्ड कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. हे बारावं, शेवटचं आणि सगळ्यात उंचावरचं घर. इथली जोडणी त्याच्या आधीच्या माणसानं केलेली, त्यामुळे तो पहिल्यांदाच येत होता. यादीत एवढंच होतं: निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहतात.

बाईंनी फटीतल्या उजेडात कार्डावरची बारीक अक्षरं वाचली, मग ऑफिसला फोन लावून खात्री केली. तेव्हा कुठे दार उघडलं.

"रागावू नका," त्या म्हणाल्या. "ओळख मागायला लाजायचं नसतं."

"रागावतोय कशाला? मास्तरांच्या घरातल्या इंटरनेटच्या डब्यानं एवढं विचारलं असतं, तर मास्तर आज असते."

मास्तरांनीच त्याला पाढे शिकवले होते.

या खोऱ्यात तारा कधीच येणार नव्हत्या. टॉवरनं तीस किलोमीटरवरून घराघरांत इंटरनेट फेकलं आणि शहरातले डॉक्टर पडद्यावर रोग्यांना तपासू लागले. सोन्यासारखी सोय होती. पण त्यात एक खोट होती. टॉवर घरातल्या डब्याला विचारायचा, तू कोण? डबा मात्र टॉवरला कधीच विचारायचा नाही, की बाबा, तू कोण? जो मोठ्यानं हाक मारील त्याच्यामागे तो मुकाट्यानं जायचा. टॉवरवाल्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यानं वरिष्ठांना दोनदा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहायचा कंटाळा केला. तो कंटाळा आता त्याला झोपू देत नव्हता.

कुणीतरी खोटा टॉवर उभा केला. डॉक्टरांच्या नावानं मास्तरांना निरोप आला, हृदयाच्या गोळ्या दुप्पट घ्या. मास्तर शिस्तीचे. त्यांनी घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी गेले. त्याला पंधरा दिवस झाले होते. हे कुणी केलं आणि कशासाठी, याचा पोलिसांना पत्ता लागला नव्हता.

मग वरिष्ठ जागे झाले. वरातीमागून घोडं, पण निदान आलं तरी. आता डबा बोलण्याआधी टॉवरकडे एक गुप्त खूण मागणार होता. डबे जुने, प्रत्येकाला वेगळी खूण देण्याइतकी अक्कल त्यांच्यात नव्हती. म्हणून सगळ्या खोऱ्याची खूण एकच. ती फोनवर सांगायची नाही, निरोपानं पाठवायची नाही. घरमालकाच्या हातातच द्यायची. आणि आणखी एक जरी खोटा निरोप गेला, तरी टॉवर कायमचा बंद. मग आरोग्य केंद्रात नर्स असलेल्या त्याच्या ताईला प्रत्येक रोगी पुन्हा सहा तासांच्या वाटेनं शहरात धाडावा लागणार होता.

बाईंनी चहा टाकला. साखर चौथ्या डब्यात सापडली.

"वय झालं," त्या हसल्या.

भिंतीवर शाळेचा जुना फोटो होता. मधोमध जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या तरुण मुख्याध्यापिका. मोतीबिंदू काढला आणि चष्मा सुटला, असं बाईंनी त्यानं न विचारताच सांगितलं. बाहेर एक हाडकुळा कुत्रा फाटकापाशी गुरगुरत होता. त्याचं हल्ली बिनसलंय, आतच येत नाही, म्हणाल्या. खिडकीतून सगळं खोरं तळहातासारखं दिसत होतं.

त्यानं डबा नीट केला आणि चिठ्ठी पुढे ठेवली.

"वीज गेली की डबा खूण विसरतो. मग ही पुन्हा भरायची. कुणाला दाखवू नका."

"म्हणजे ही ज्याच्याकडे, तोच खरा टॉवर?"

"डब्याच्या लेखी तोच."

बाईंनी चिठ्ठीची घडी करून मुठीत धरली आणि वळणदार अक्षरात सही केली. जाताना त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला. मास्तरांना करायचा तसाच.

उतरताना पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्याला हलकं वाटलं. दिवेलागणीला तो आरोग्य केंद्रात पोचला. ताई एका खाटेपाशी उशी सारखी करत होती. बाराच्या बारा घरं झाली, तो म्हणाला, आणि वरच्या बाईंसारखी माणसं घरोघर असती तर मास्तर गेले नसते, असंही म्हणाला.

ताईचं लक्ष नव्हतं. "या आजी पाय मोडून महिनाभर शहरात होत्या," ती म्हणाली. "आज दुपारीच इथे आणलंय. कधीपासून तुझी वाट बघतायत."

खाटेवरच्या म्हातारीनं चाचपडत चष्मा लावला. भिंगं चांगली जाड होती.

"टॉवरवाले ना तुम्ही?" ती म्हणाली. "वर शेवटच्या घरापर्यंत गेला असाल, तर एवढंच सांगा, महिनाभर घराला कुलूप आहे, माझा कुत्रा फाटकापाशी दिसला का हो?"