काठीचा शेंडा

पिशवीत मावेल अशी, चार तुकडे जोडायची स्वस्तातली गळाची काठी चिमीनेच बाबांना दुकानात निवडून दिली होती. "तळ्यावर जाऊ ते आपण दोघंच," बाबांनी तिथेच कबूल केलं होतं. तरी रविवारी ती झोपेत असताना ते पिशवी उचलून एकटेच गेले.

संध्याकाळी परतले ते दोन मासे आईच्या हाती देतच. "चिमे, तुझ्या काठीने नाव काढलं बघ! मासा लागला नि शेंडा असा वाकला, म्हटलं आता मोडतोय!" आई कौतुकाने ऐकत होती.



बाबांना आपल्याला सोडून जाता येऊ नये म्हणून काठीचा शेंडा चिमीने शनिवारीच काढून उशीखाली लपवला होता, आणि तो अजून तिथेच होता.