एक फटका जास्तीचा

"देणारे तुम्ही, की घेणारे?" कारागीर बाईंनी चष्म्याच्या वरून बघत सरळच विचारलं.

डॉक्टरांचे कान तापले. पंचवीस वर्षं लोकांच्या दाढा उपटणारा माणूस, पण इथे त्यांचीच दातखीळ बसली.

"देणारा," ते कसेबसे म्हणाले. "म्हणजे, बायकोला आवडतं. दोघांनाही आवडायचं."

"मग त्यांना का नाही आणलं? ज्याच्या पाठीवर फटका पडणार त्याची पसंती, अशी रीत आहे माझ्याकडे. विचारा फोन करून."

पर्सा आणि पट्ट्यांच्या दुकानामागची ती खोली होती. भिंतीभर खुंट्या, खुंट्यांना चामड्याच्या वस्तू, आणि सगळीकडे मेणाचा वास. डॉक्टरांनी कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

"मी कशाला?" बायको म्हणाली. "तुम्हीच बघा. आणि नुसतं बघू नका, अंगावर घेऊन बघा. सोसवेल तेच आणा."

आवाज साधाच होता, येताना साबण आणा म्हणावं तसा. पण डॉक्टरांना तेवढ्यानेही भरून आलं. सहा महिन्यांनी ती आता कुठे हा विषय बोलू लागली होती.

सहा महिन्यांपूर्वीपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चालायचं. तिने एक शब्द ठरवला होता, 'गलबत'. तो आला की हात खाली. वीस वर्षांत दोन-चारदाच आला असेल, आणि दर वेळी डॉक्टर जागच्या जागी थांबले होते. त्या दुपारी ती 'गलबत' म्हणाली, आणि डॉक्टरांनी आणखी एक फटका दिला.

"हात आधीच सुटला होता गं," असं ते नंतर म्हणाले. साफ खोटं! शब्द स्वच्छ ऐकू आला होता. एकाने काय होतंय, असं मनात आलं, बस्स.

ती भांडली असती तर परवडलं असतं. ती उठली, गाऊन चढवला, चहा टाकला, आणि आपली उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. घर चालू राहिलं. बिलं, पाहुणे, दूधवाला, सगळं. फक्त उशी परत आली नाही.

दवाखान्यात ते प्रत्येक पेशंटला सांगत, "दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबतो." आणि थांबतही. परक्यासाठी थांबणारे आपण घरच्या माणसासाठी थांबलो नाही, हे आठवलं की त्यांना जेवण जायचं नाही. आणि गेल्या सोमवारी तीच म्हणाली, "जुना पट्टा मी टाकून दिलाय. नवीन काहीतरी आणा." डॉक्टरांना वाटलं, सुटलो एकदाचा. आता वस्तू चुकता कामा नये.

"पाठ करा इकडे," फोनवरचा निरोप ऐकून बाई म्हणाल्या. "खांद्याच्या जरा खाली, मांसल जागी. कण्यावर नाही. कमरेच्या वर, मूत्रपिंडापाशी तर कधीच नाही."

"माहीत आहे मला."

"माहीत सगळ्यांनाच असतं."

पहिलं आलं ते क्रॉप, घोडेस्वाराच्या हातात असते तसली बारीक छडी. शर्टावरूनही असं चरचरलं की डॉक्टर ओरडले, "आई गं! हे नको. हे अजिबात नको!"

मग रुंद पॅडल, चामड्याची फळीच. ते धपकन बसलं, चरचर कमी, पण आत खोल गेलं. डॉक्टर दात खाऊन म्हणाले, "याहून हलकं?"

बाईंनी मेंढीच्या मऊ चामड्याच्या अठरा पट्ट्यांचा झुपका काढला. फ्लॉगर म्हणतात तो. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. तो पाठीवर पडला आणि डॉक्टरांनी सुस्कारा सोडला.

"हाच," ते म्हणाले.

"देणारे बहुतेक जडच उचलतात," बाई कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या. "तुम्ही माणूस बरे दिसता. नशीबवान आहे तुमची बायको."

डॉक्टरांना मान वर करवेना.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. तिने पडदे ओढून ठेवले होते. उशाशी पाण्याचा तांब्या होता. डॉक्टरांनी पुडकं तिच्या हातात दिलं आणि वाटेत घोकलेलं एका दमात बोलून टाकलं.

"त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. हात सुटला नव्हता. मी मुद्दाम मारला."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तेव्हाच ठाऊक होतं."

"चुकलं माझं."

"हो. चुकलंच."

पण ती गेली नाही. तिने कागद सोडला, पट्ट्या तळव्यावरून फिरवल्या, मूठ तोलून पाहिली. डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मऊ आहे," ती म्हणाली. "अंगावर घेऊन बघितलात?"

"घेतला. सोसवतो."

"मग शर्ट काढा," ती म्हणाली, "आणि मी थांबावं असं वाटलं की कुठला शब्द म्हणाल, तेवढं आधी सांगा."